पिकअप घ्यायचीय: नवी की जुनी? (देवगड, मुख्यतः आंब्यासाठी)

कातळसडा

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, थोडी काजूही. आजवर माल भाड्याच्या गाडीने जायचा. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळ्यांचाच आंबा एकदम उतरतो, तेव्हा गाडी मिळत नाही. मिळाली तर सांगेल तो दर द्यावा लागतो. गेल्या हंगामात तोडलेला माल रात्रभर शेडमध्ये पडून राहिला आणि सकाळी बाजार पडला. म्हणून या वर्षी घरची गाडी घ्यायचीच, यावर घरात एकमत आहे. नवी की जुनी, यावर नाही.

वडील म्हणतात नवी घ्या, निदान झोप तरी लागेल. भाऊ म्हणतो तीन महिन्यांच्या कामाला नऊ लाख कशाला अडकवायचे.

समोर दोन पर्याय आहेत. नवी टाटा इंट्रा व्ही-३० किंवा त्याच वजनगटातली दुसरी डिझेल गाडी. हौदा, विमा, पासिंग धरून नऊच्या घरात जाते. दुसरा पर्याय २०१९ ची बोलेरो पिकअप, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं जुनं मानक, आताचं बीएस-६), एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. मालक पाच लाख सांगतोय. हाताशी तीन लाख आहेत, बाकीचं कर्ज.

काम असं: मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बागेतून शेडला, शेडहून ट्रान्सपोर्टला, आणि आठवड्यातून एखाद-दोन फेऱ्या कोल्हापूर मार्केटला. वाशीला क्वचितच. उरलेलं वर्ष खत, शेणखत, थोडे चिरे (जांभा दगड), आणि मिळालं तर भाडं. गाडी चालवणाऱ्यांनी, दुरुस्त करणाऱ्यांनी आणि विकून मोकळ्या झालेल्यांनी, सगळ्यांनी सांगा.

बांगडा

मी मालवणहून मासळी वाहतो. माझं मत सरळ आहे, नवीच घ्या. मासळीच्या धंद्यात गाडी वाटेत बंद पडली तर बर्फ वितळतो आणि माल खायचा न राहता कुटीला जातो. एका बंद पडण्यात जितकं नुकसान होतं तितक्यात कित्येक महिन्यांचे हप्ते निघतात. आंबा थोडा धीर धरतो, पण एप्रिलच्या उन्हात तोही किती धरणार?

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. म्हणजे शोरूम किंमत सात-आठ टक्क्यांनी उतरली. जुन्या गाड्या विकणारे मात्र अजून आधीचेच भाव सांगतात. जुनी घेतलीत तरी हा मुद्दा घासाघीस करताना वापरा.

इथे कुणी मासळीसाठी गाडी बघत असेल तर: प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत इन्सुलेटेड गाडीला सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरलेलं आहे. आधी मत्स्य विभागाच्या कार्यालयात जाऊन या, मगच कोटेशन घ्या.

मालवणी_मेस्त्री

दादानू, मी कुडाळाक गॅरेज चालवतंय. नवी काय जुनी ता मगे बघू. पयली एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपल्याकडे गाडी इंजिनान मरणा नाय, गंजान मरता. बाकीचा सगळ्यांका कळाक होया म्हणान साध्या मराठीत लिवतंय.

कोकणातली जुनी पिकअप घ्यायची असेल तर ती आधी काय वाहत होती हे विचारा. मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षं चेसिसवर गळलेलं असतं. वरून रंग नवा, सीट कव्हर नवं, आणि खाली क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी) पापडासारखा. बोटाने दाबून कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरचा दांडा घेऊन चेसिसवर जागोजागी ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे पापुद्रे आहेत. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर मी तिथूनच परत फिरतो. ज्याला लपवायचं काही नाही तो विकायच्या आधी चेसिसला रंग मारत बसत नाही.

चिऱ्याची गाडी असेल तर मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजा. कंपनीच्या पाट्यांत वरून एखादा जाडा पाटा घातलेला असेल तर ती गाडी कायम वजनापलीकडे चाललेली आहे. पाट्याचा हँगर जिथे चेसिसला बसतो तिथे वेल्डिंगच्या खुणा बघा. वेल्डिंग असेल तर किंमत विचारूच नका.

इंजिनासाठी: मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नको. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर का ते विचारा. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या मिनिटाचा धूर बघायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काम मोठं. पांढरा धूर थोड्या वेळाने गेला तर चालतं, राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, फिल्टरपासून टर्बोपर्यंत काहीही असू शकतं. मग ऑइल फिलरचं झाकण उघडून बघा. आतून फकफक वारा जोरात येत असेल तर रिंगा गेल्या. शेवटी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी चालवा. रिकाम्या गाडीची टेस्ट काहीच सांगत नाही. दुसरा गिअर उडतो का, क्लच घसरतो का, हे वजन असल्याशिवाय दिसत नाही.

घाटमाथा

मेस्त्रींशी पूर्ण सहमत. म्हणूनच जुनी घ्यायची तर घाटावरची घ्या असं मी म्हणेन. मी गगनबावड्याकडचा. इकडे भाजीपाला, दूध, पशुखाद्य वाहिलेल्या गाड्या मिळतात, खारं वारं नाही. चेसिस सुकं राहतं.

पण घाटावरच्या गाडीला तिचं वेगळं दुखणं आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कोल्हापूर-सांगलीत पुराचं पाणी गाड्यांवरून गेलं. तुमची ती एमएच-०९ नेमकी २०१९ ची आहे. मालक तेव्हा कुठे राहत होता हे सहज बोलण्यात काढून घ्या.

इंजिनाबद्दल: इंट्राचं दीड लिटरचं, १४९६ सीसी. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं, २५२३ सीसी. सपाटीवर फरक जाणवत नाही, इंट्रा डिझेलही कमी पिते. पण पेट्या भरून फोंडा घाट चढताना मोठं इंजिन खालच्या आरपीएमवर ओढून नेतं, छोट्याला पिळावं लागतं. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि सगळी वाहतूक भुईबावडा आणि फोंड्यावर आली. त्या दिवसांत चढावर थांबून पुन्हा गाडी उचलताना कुणाचे क्लच जळले ते मी रोज बघत होतो. तुमच्या आठवड्याला दोन कोल्हापूर फेऱ्या खऱ्याच होणार असतील तर इंजिनाचा विचार नव्या-जुन्याच्या आधी करा.

वाशिष्ठी

चिपळूणकर म्हणून एकच सांगते. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत होतं. बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून कुठे कुठे विकल्या गेल्या, त्या अजून फिरतायत. पुराची गाडी ओळखायच्या जागा: हेडलाइटच्या काचेच्या आतल्या कडेला बारीक मातीची रेघ. सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळाचा गंज. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एखादा कनेक्टर सोडवून बघा, पिना हिरवट पडल्या असतील तर समजायचं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर डाग राहतो, तो धुवायला कुणाच्या लक्षात येत नाही. कॉमन रेल डिझेलच्या इसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, एकदा पाणी गेलं की गाडी कधी सुरू होईल आणि कधी नाही, याचा नेम नाही.

आणि विम्याचा क्लेम झाला होता का, हे मालकाला न विचारता विमा कंपनीला विचारा. पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के चालू आहे, यावरूनही अंदाज येतो.

सुरंगी

दादा, एक विचारू? चालवणार कोण?

तुम्ही इतकं सगळं लिहिलंत, पण हे लिहिलं नाहीत. आमचं वेंगुर्ल्यात काजूप्रक्रियेचं छोटं युनिट आहे. आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळा हिशेब गाडीचा मांडला होता. खरा प्रश्न ड्रायव्हरचा निघाला. बारा महिने पगारी ड्रायव्हर ठेवायचा तर गाडी बारा महिने कमवायला हवी, आणि मग नवी गाडीच परवडते. घरचं माणूस चालवणार असेल आणि ते हंगामापुरतंच मोकळं असेल, तर गाडी उरलेले नऊ महिने मांगराशेजारी उभी राहणार. उभ्या गाडीचा हप्ता कोण भरणार?

कागदांचं नंतर लिहिते, युनिटवर जायचंय.

कातळसडा

सुरंगीताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. पुतण्या चालवेल. तो गोव्यात नोकरीला आहे. आंब्याच्या दिवसांत रजा काढून येतो, बाकी वर्षभर शनिवार-रविवार. मला स्वतःला चालवता येते, पण घाटात भरलेली गाडी नेण्याएवढा हात नाही. म्हणजे भाडं मारण्याचा विचार तसा कागदावरचाच.

त्याच्याकडे लायसन्स कारचं आहे. ते चालेल का?

हिशेबनीस

लायसन्सचं आधी सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिलाय की एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळा शेरा लागत नाही. तुमच्या दोन्ही गाड्या त्याच्या कितीतरी आत आहेत. अपघात झाल्यावर विमा कंपन्या हाच मुद्दा काढून क्लेम नाकारायच्या, ते आता बंद झालं.

परवान्याचंही बघा. आरसीवर गाडीचं एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. इंट्रा व्ही-३० त्यात बसते. बोलेरो पिकअपच्या मोठ्या मॉडेलांचं वजन वर जातं, म्हणून आरसी हातात घेऊनच ठरवा.

आता पैसे. व्याजदर बँकेप्रमाणे बदलतील, मी नव्याला १० आणि जुन्याला १५ टक्के धरतोय. जुन्या गाडीला फायनान्सवाले दर चढाच लावतात.

नवी: नऊ लाखांतले तीन तुमचे, सहा लाख कर्ज, पाच वर्षं. हप्ता १२,७५० च्या आसपास, एकूण व्याज सुमारे १ लाख ६५ हजार. पाच वर्षांनी ती चार लाखांना गेली असं समजू. म्हणजे पाच वर्षांत गाडीपायी गेले साडेसहा लाखांच्या वर.

जुनी: घासाघीस करून ४ लाख ७० हजार, त्यावर टायर, क्लच, पाटे, सर्व्हिस असे सुरुवातीचे ७० हजार. तीन लाख तुमचे, वरच्या कामाचे पैसे खिशातून, कर्ज जास्तीत जास्त दोन लाख, तीन वर्षं. हप्ता ६,९३० च्या आसपास, व्याज पन्नास हजार. नव्यापेक्षा दुरुस्ती वर्षाला चाळीस हजार जास्त धरा, पाच वर्षांत दोन लाख. शेवटी अडीच लाखांना विकली. गेले साडेपाच लाखांच्या आत.

फरक पाच वर्षांत सव्वा लाख, म्हणजे वर्षाला पंचवीस हजार. लोकांना वाटतं तितका हा फरक मोठा नाही. भर हंगामात गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये पडली तर तो त्याच वर्षी संपला.

बांगडा

बघा, मी काय म्हणत होतो!

हिशेबनीस

थांबा, माझं पुरतं झालं नाही. एकूण खर्च एवढाच हिशेब केला तर नवी आणि जुनी जवळजवळ येतात. फरक आहे तो पैसे कधी द्यायचे यात. बागायतदाराचे पैसे एप्रिल-मे-जूनमध्ये येतात. हप्ता मात्र दर महिन्याला जातो, ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये, आणि मोहोर जळाला त्या वर्षीही. नव्याचे हप्ते वर्षाला दीड लाखाच्या वर आहेत, जुन्याचे त्र्याऐंशी हजारांच्या आसपास आणि तेही तीनच वर्षं.

२०२५ आठवा. २५ मेलाच मोसमी पाऊस देवगडपर्यंत येऊन ठेपला. झाडावर राहिलेला आंबा ज्यांचा होता त्यांना विचारा ते वर्ष कसं गेलं. हापूस तसाही एक वर्षाआड भरतो. असं एक वर्ष पाच वर्षांत येणारच, तेव्हा ते सोसवेल असाच हप्ता घ्या. बँकेकडे हप्ते हंगामाला जोडून मागता येतात का तेही विचारा. पीककर्जाची सवय असलेल्या शाखेत हे बोलणं सोपं जातं.

मासळीचंही असंच आहे, बांगडाभाऊ. १ जून ते ३१ जुलै बंदी. पण तुमचे उरलेले दहा महिने गाडी रोज चालते, म्हणून नवी तुम्हाला परवडते. यांची तशी चालणार नाही.

ओहोळ

राजापूरचा. बीएस-६ बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे बीएस-६ डिझेल पिकअप आहे, कंपनीचं नाव घेत नाही कारण हे सगळ्यांचंच आहे.

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या नळीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्यात काजळी साठते आणि ती अधूनमधून आतच जाळून टाकावी लागते. त्यासाठी धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणजे गाडी काही वेळ एका लयीत चालायला हवी. आपली गाडी काय करते? बागेतून शेडला दोन-तीन किलोमीटर, सड्यावरचा खडबडीत रस्ता, पहिला-दुसरा गिअर, बंद. पुन्हा तेच. काजळी जळायला सुरुवात होते न होते तोच आपण चावी फिरवतो. असं होत राहिलं की दिवा लागतो, मग गाडीची ताकद कमी होते, आणि मग वर्कशॉपमध्ये नेऊन लॅपटॉप लावून जाळून घ्यावं लागतं. जळायचं अर्धवट राहिलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळे ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका.

मी आता आठवड्यातून एकदा हायवेला नेऊन अर्धा तास एका लयीत चालवतो आणि दिवा लागलेला नाही. ज्यांची गाडी रोज कणकवली-कोल्हापूर करते त्यांना हा त्रास होतच नाही.

म्हणजे कातळसडा, तुमच्या बागेतल्या छोट्या फेऱ्यांना बीएस-४ जास्त सोयीची. ३१ मार्च २०२० नंतर ती नवी मिळत नाही, म्हणजे ती हवी तर जुनीच.

मालवणी_मेस्त्री

खरा असा. माझ्याकडे हल्ली निम्म्या गाड्या ह्याच कामाक येतत. एक भर: काही गाड्यांना डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालायचं द्रव) लागतं, काहींना नाही, घेताना विचारून घ्या. ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी असतं. त्यात नळाचं पाणी घालून वाढवणारे लोक आहेत. असं करू नका, नोझल चोंदून बसतो. आणि बीएस-४ असो वा सहा, पावसात डिझेल फिल्टरखालचं पाणी दर पंधरा दिवसांनी सोडा.

चिरेखाण

गाडी घरची झाली की लोक चिरे मागायला येतात. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचा मोह कुणालाही होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. आणि गाडीचं आयुष्य जातं ते वेगळंच. चिऱ्याला चिऱ्याची गाडी बोलवा.

घाटमाथा

माणसं भरण्याबद्दलही सांगून ठेवा. कुणकेश्वरच्या जत्रेला हौद्यात वाडी भरून न्यायची पद्धत आहे. मालवाहू गाडीत हौद्यात बसलेल्या माणसाला विमा संरक्षण नसतं. एखादा अपघात झाला तर भरपाईसाठी बाग विकावी लागेल. बागेचे गडी न्यायचे असतील तर डबल केबिनची कॅम्पर बघा, हौदा लहान मिळतो पण माणसं कायद्याने बसतात.

पाणंद

तिघा शेजाऱ्यांनी मिळून एक नवी घेतली तर?

कातळसडा

विचार केला होता. पण आमच्याकडे तिघांचाही आंबा एकाच आठवड्यात तयार होतो. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात गाडी कुणाची, यावरून भांडण होईल आणि शेजार जाईल.

सुरंगी

आता कागद. आमच्या जुन्या गाडीच्या वेळी मी हे सगळं स्वतः ओरोसच्या आरटीओत उभं राहून केलंय, म्हणून खात्रीने सांगते.

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा आहे का, फिटनेस, विमा आणि टॅक्स कधीपर्यंत आहे, ते बघा. ई-चलान वेगळं बघावं लागतं. घाटमाथ्यावरच्या गाड्यांवर पुणे-मुंबईची चलनं साठलेली असतात आणि ती तुमच्या गळ्यात येतात. फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "दोन दिवसांत आणून देतो" याला अर्थ नाही. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडी एमएच-०९ ची आपल्या सिंधुदुर्गच्या एमएच-०७ ला आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८.

नाव लगेच बदला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. म्हणून शहाणा विकणाराही घाई करतो. जो विकणारा "नाव काय, सावकाश बदला" म्हणतो त्याची गाडी मी घेणार नाही. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा. तृतीय पक्षाचं संरक्षण आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळायचं तर नाव हवंच.

फिटनेसचं गणित मांडा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. २०१९ ची गाडी २०२७ ला आठ वर्षांची होते. तिथून पुढे दरवर्षी आरटीओची फेरी, त्याआधी रंगरंगोटी, ब्रेक, दिवे असा खर्च आलाच. पाच लाख सांगणाऱ्याला हे ऐकवा. विम्याचंही विचारून ठेवा. मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष हप्ता कारपेक्षा खूप जास्त असतो, २०२२ च्या दरपत्रकात ७५०० किलोच्या आतल्या गाडीला तो १६,०४९ रुपये होता. गाडी उभी असली तरी तो भरावाच लागतो.

कातळसडा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. झालं ते सविस्तर सांगतो.

ती पाच लाखांची गाडी बघून आलो. ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला होता. चेसिसला खालून ताजा काळा रंग होता. वाशिष्ठीताईंनी सांगितल्याप्रमाणे सीटबेल्ट पूर्ण ओढला, शेवटी मातकट डाग. हेडलाइटमध्ये रेघही होती. मालक म्हणाला अंगणात पाणी आलं होतं फक्त. चहा घेतला आणि निघालो. ती सोडली.

दुसरी आजऱ्याकडे मिळाली. तीही २०१९ ची, बीएस-४, बोलेरोच. एकच मालक, भाजीपाला आणि खताची पोती वाहिलेली. पाटे कंपनीचेच. सकाळी थंड इंजिन सुरू केलं, पांढरा धूर थोडा आला आणि गेला. त्यांच्याच गोदामातली पोती भरून चढावर नेली, दुसरा गिअर बसलेला राहतो. क्लच संपत आलाय, पुढचे टायर बदलावे लागतील. बोजा उतरलेला आहे, फॉर्म ३५ ची नोंद दिसते. दोन चलनं होती, ती त्यांनी समोरच भरली. चार लाख साठ हजारांना ठरली. नाव बदलायचे कागद दिल्यावर शेवटचे पन्नास हजार द्यायचे असं बोलणं आहे.

वडिलांना हिशेबनीसांचा हिशेब वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत नवीच म्हणत होते. हप्ता ऑगस्टमध्येही जाणार हे ऐकल्यावर म्हणाले, मग जुनी घे, पण हंगामाच्या आधी फेब्रुवारीत क्लच, टायर, बेल्ट, होस सगळं नवं करून घे, एप्रिलमध्ये मला कारण सांगायचं नाही. तेच करणार आहे. भावाचंही म्हणणं राहिलं आणि वडिलांचंही.

आता शेवटचा प्रश्न. हौद्याचं काय करू? उघडाच ठेवून ताडपत्री, की वर पिंजरा बांधून घेऊ?

मालवणी_मेस्त्री

चांगली घेतलास. क्लचबरोबर रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंगही बदला, मजुरी एकाच वेळची लागते. आणि गाडी देवगडात आणल्यावर पहिल्या पावसाआधी खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या. ताज्या काळ्या रंगाक मी नाव ठेवलंय ता इकणाऱ्याच्या, तुमी मारलास तर गाडी वाचता.

बांगडा

मी नवीच्या बाजूचा, तरी तुमच्या कामाला ही बरी. भर हंगामात दगा दिला तर मालवणहून माझी गाडी मासळी उतरल्यावर रिकामी असते, हक्काने फोन करा, नंबर निरोपात पाठवतो.

घाटमाथा

हौद्याला पिंजरा बांधा, बाजूंना जाळी ठेवा आणि फक्त वरून ताडपत्री. चारही बाजूंनी ताडपत्री आवळली की घाट चढताना आत वाफ धरते आणि खालच्या थरातल्या पेट्या तापतात. पेट्यांच्या थरांमध्ये लाकडी पट्ट्या टाका, म्हणजे हवा खेळते. पेटी वीस किलोच्या आसपास धरली तर दीड टनात पंचाहत्तर होतात, पण माझं ऐका, साठ-पासष्टच भरा. रात्री दहानंतर निघालात तर फोंडा घाट मोकळा मिळतो आणि पहाटेच्या सौद्याच्या आत कोल्हापुरात असता. पिंजऱ्याची उंची आरटीओत विचारून मगच वेल्डिंगला टाका, नाहीतर पासिंगला कापायला लावतील.

सुरंगी

आणि दादा, फॉर्म २८ आल्याशिवाय ते पन्नास हजार देऊ नका हं.